क्ष-किरणांची छाया

सन १८९५ च्या नोव्हेंबरची ८ तारीख. जर्मनीतील व्युर्झबर्ग विद्यापीठात प्राध्यापक विल्हेल्म राँटजेन निर्वात नळीतून विद्युत्प्रवाह सोडीत होते. नळी काळ्या कागदाने झाकलेली असूनही काही अंतरावरील रासायनिक लेपाचा पडदा चमकू लागला. कागद भेदून जाणाऱ्या त्या किरणांचे स्वरूप अज्ञात होते. म्हणून बीजगणितातील अज्ञात राशीचेच अक्षर त्यांना मिळाले आणि मराठीत ते 'क्ष-किरण' झाले. पुढील महिन्यात राँटजेन यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि अंगठी स्पष्ट उमटली होती.

हे चित्र वस्तुतः छायेचे चित्र होय. शरीरातून जाताना काही किरण शोषले जातात. उरलेले पलीकडच्या फिल्मवर पडून ती काळी करितात. हाडांतील कॅल्शियमचे अणू मांसातील कार्बन व प्राणवायू यांच्या अणूंहून जड असल्याने अधिक किरण अडवितात. म्हणून हाड पांढरे दिसते. फुप्फुसांत हवा असते, म्हणून ती काळी दिसतात. त्या काळ्या पटावर क्षयाचा पांढुरका डाग तज्ज्ञाच्या नजरेस पडतो, कधी कधी तर रोग्याला खोकला जाणवण्यापूर्वीच.

जठर आणि आतडी यांची गोष्ट निराळी. भोवतालच्या मांसाइतकेच किरण तीही अडवितात. मग छाया वेगळी दिसावी कशी? त्यासाठी रोग्यास बेरियम सल्फेट पाण्यात कालवून पाजतात. ते विरघळत नाही, म्हणून अंगी भिनत नाही. मात्र किरण अडविते आणि जठराचा आकार दाखविते. मूत्रपिंडे व रक्तवाहिन्या यांसाठी आयोडीनयुक्त द्रव्ये टोचतात. निसर्गाने जेथे भेद ठेवला नाही, तेथे वैद्यकाने तो निर्माण केला.

तरीही एका छायेवर दुसरी पडतेच. अनेक दिशांनी किरण सोडून, गणकयंत्राच्या साहाय्याने शरीराच्या एकेका आडव्या छेदाचे चित्र रचण्याची युक्ती गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी सिद्ध केली. १९७१ मध्ये लंडनमध्ये प्रथमच एका रोग्याच्या मेंदूचे असे चित्र घेतले गेले.

या ज्ञानाचे मोल काहींनी देहाने दिले. एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली यांना या किरणांपायी हात गमवावे लागले. १९०४ मध्ये त्यांचा अंत झाला. आज मात्रा अल्प असते आणि तंत्रज्ञ शिशाच्या आडोशाने काम करितो. तथापि, जो किरण रोग दाखवितो तोच अतिरेकाने रोग जडवितो. म्हणून सुज्ञ वैद्य प्रथम विचारतो, 'या छायेवाचून निदान अडले आहे काय?'