आज्ञावली आणि तिची मार्गदर्शिका

श्रोत्यांपैकीं बहुतेकांच्या घरीं सोलापुरी चादर असेल. तिच्यावरील नक्षी पिढ्यान्‌पिढ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांतून कापडावर उतरली. जेकार्ड मागावर अशा पट्ट्यांची माळ फिरते. छिद्र असेल तेथें उभा धागा उचलला जातो, नसेल तेथें तो खालींच राहतो, आणि मधून आडवा धागा निघून जातो. माग हें सारें बिनचूक वाचतो. परंतु तीच माळ नवशिक्या कारागिराच्या हातीं दिली, तर कोणतें छिद्र कशासाठीं पाडलें, हें त्यास उमगत नाहीं. यंत्रास कळणारी आज्ञा निराळी आणि माणसास कळणारें स्पष्टीकरण निराळें. मार्गदर्शिका लिहिणारानें प्रथम हा भेद ओळखला पाहिजे.

हा दाखला ओढूनताणून आणलेला नव्हे. फ्रान्सच्या जाकारनें १८०४ च्या सुमारास हा माग सिद्ध केला. पुढें इंग्लंडांत चार्ल्स बॅबेजनें आपल्या गणकयंत्राच्या योजनेंत त्याच पट्ट्यांची कल्पना घेतली. त्या यंत्रावरील एका फ्रेंच निबंधाचें भाषांतर एडा लवलेस या विदुषीनें १८४३ सालीं प्रसिद्ध केलें आणि त्यास मूळ निबंधाच्या सुमारें तिप्पट टिपा जोडल्या. यंत्र कधींच पुरें झालें नाहीं. टिपा मात्र आजही वाचल्या जातात.

आजच्या संगणकशास्त्रांत ‘फ्रेमवर्क’ म्हणजे इतरांनीं आपापली आज्ञावली ज्यावर उभारावी असा तयार सांगाडा. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘जँगो’ या फ्रेमवर्कची मार्गदर्शिका नमुनेदार गणली जाते. तींत नवशिक्यासाठीं पाठ, ठराविक कामाची कृति, विषयाचें विवेचन आणि आज्ञांचा कोश असे चार विभाग वेगळे ठेविले आहेत. या वेगळेपणांतच तिचें मर्म आहे. शेंगाचटणीची कृति विचारणारास भुईमुगाचा इतिहास ऐकविला, तर तो उपाशीच उठावयाचा!

मोठ्या शहरांतील कचेरींत काम अडलें, तर शेजारच्या मेजावर विचारतां येतें. मराठी, तेलुगु, कन्नड व उर्दू नांदणाऱ्या सोलापुरांत एखादा विद्यार्थी एकटाच शिकूं लागला, तर इंग्रजींतील मार्गदर्शिका हाच त्याचा गुरु. लेखकानें ‘हें तर उघडच आहे’ असें समजून एक पायरी गाळली, कीं तो तेथेंच थांबतो. आणि दोष मार्गदर्शिकेचा असतां आपल्या बुद्धीस लावितो. अशा रीतीनें चांगलीं माणसें विद्येस मुकतात.

म्हणून वाक्य लहान असावें. प्रत्येक उदाहरण छापण्यापूर्वीं यंत्रावर चालवून पाहावें. आज्ञावली बदलली, कीं त्याच दिवशीं मार्गदर्शिकाही बदलावी. जुनी वाट दाखविणारी पाटी ही पाटी नसण्याहून वाईट. शेवटीं एखाद्या नवशिक्यास ती वाचून काम करावयास सांगावें, आणि जवळ बसून अवाक्षरही न बोलतां पाहावें. तो जेथें अडेल, तेथें लेखन अपुरें आहे.