घोरणे आणि थांबणारा श्वास
(वार्षिक सभेतील प्रशासकांचे निवेदन)



घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण, असा आपल्याकडे रूढ समज आहे. परंतु झोपेत श्वास १० सेकंद वा अधिक काळ थांबत वा मंदावत असेल आणि असे तासाला ५ वा अधिक वेळा घडत असेल, तर तो ‘स्लीप ॲप्निया’ असू शकतो.

१९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी प्रसिद्ध केलेली सीपॅप उपचारपद्धती आजही प्रमुख मानली जाते. मात्र अनेकांना रात्रभर मुखवटा सोसवत नाही. अशांपैकी योग्य रुग्णांसाठी दंतवैद्य मापाचे मुखोपकरण बनवितात. ते खालचा जबडा किंचित पुढे धरून श्वासमार्ग मोकळा ठेवते.

वाणिज्य शाखेचा पदवीधर या नात्याने सांगतो, कपाटात पडून राहिलेले उपकरण हा निव्वळ तोटा होय. म्हणून दात-हिरड्यांची तपासणी, टप्प्याटप्प्याने जुळवणी व उपकरण लावून पुन्हा निद्राचाचणी यांसाठीही आपल्या देणगीतून तरतूद व्हावी, ही नम्र विनंती. आप्तांनी घरातील घोरण्याविषयी डॉक्टरांना अवश्य सांगावे. झोपलेल्यास स्वतःचा थांबलेला श्वास सहसा कळत नाही.