रिकाम्या जागेचे गणित

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बेंगळुरू येथे विद्यार्थी व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय आज घरोघरी बोलला जातो. पण हे नाव नवे नाही. जॉन मॅकार्थी आणि त्यांचे सहकारी यांनी १९५५ साली मांडलेल्या एका प्रस्तावात ते आले, आणि १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात त्यावर अभ्यासकांची बैठक झाली. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि प्रयोगशाळेतील हा विषय सामान्य माणसाच्या मोबाइलमध्ये येऊन बसला.

हे यंत्र करते तरी काय? परीक्षेत ‘रिकाम्या जागा भरा’ हा प्रश्न असतो. ‘आषाढी एकादशीला वारकरी ______ जातात.’ मराठी मूल क्षणात ‘पंढरपूरला’ असे लिहिते, कारण हे वाक्य त्याने अनेकदा ऐकलेले असते. भाषेचे यंत्रही अशाच रिकाम्या जागा भरते. अफाट मजकुरावरून ते शब्दांची संगती शिकते, पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक याचे गणित करते आणि एकामागून एक शब्द मांडत जाते. मुलाने पंढरीची वाट पाहिलेली असू शकते. यंत्राजवळ केवळ त्या वाटेविषयीचे शब्द असतात.

म्हणूनच ज्या भाषेत मजकूर विपुल, त्या भाषेत यंत्र अधिक सफाईदार. इंग्रजीतील ‘यू’ या एका शब्दाला मराठीत तू, तुम्ही आणि आपण असे तीन पर्याय आहेत. आईला ‘तू’ म्हणावे, गुरुजींना ‘तुम्ही’ आणि व्यासपीठावरील पाहुण्यांना ‘आपण’, हे मराठी घरात वेगळे शिकवावे लागत नाही. भाषांतर करणाऱ्या यंत्राला मात्र तिथे अंदाज बांधावा लागतो. ‘जग’ हा शब्द घ्या. विश्व या अर्थाचा ‘जग’ आणि ‘शंभर वर्षे जग’ या आशीर्वादातला ‘जग’ कागदावर सारखेच दिसतात. उच्चार मात्र वेगळे. हा भेद केवळ पुस्तके वाचून कळत नाही, त्यासाठी माणसाचा आवाजच ऐकावा लागतो.

तो आवाज मिळवण्याचे मोठे काम याच बेंगळुरूत झाले आहे. येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मराठीवरच होता. कमी उत्पन्नाचे ग्रामीण लोक, कमी उत्पन्नाचे शहरी लोक आणि विद्यापीठातील विद्यार्थी अशा तीन गटांतील ३६ जणांकडून एकूण १०९ तासांचे मराठी ध्वनिमुद्रण त्यांनी मिळवले. कष्टकऱ्यांनी दिलेले ध्वनिमुद्रण विद्यार्थ्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या तोडीचे ठरले. भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘रेस्पिन’ प्रकल्पातील नऊ भाषांतही कन्नडच्या जोडीने मराठी आहे. यंत्राच्या तोंडी येणाऱ्या मराठीमागे अशा माणसांचे श्रम आहेत.

आता यंत्राची मर्यादा पाहू. शक्य वाटणारे उत्तर आणि खरे उत्तर यांत अंतर असते. ज्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही, असे काही विचारले तरी यंत्र रिकामी जागा भरू शकते. एखाद्या लहान शाळेचा इतिहास विचारावा, तर स्थापनेचे साल, संस्थापकाचे नाव, पहिल्या वर्गाची पटसंख्या असे सारे सुबक वाक्यांत मिळेल, आणि त्यातले बरेचसे कल्पित असू शकेल. भाषा निर्दोष असल्यामुळे ते खरेही वाटेल. शुद्धलेखनाची चूक शिक्षकांच्या लाल शाईला सापडते; शुद्ध भाषेत लिहिलेले असत्य शोधण्यासाठी शाळेचे जनरल रजिस्टर, जुनी शेरेबुके आणि माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी यांकडेच जावे लागते.

याचा अर्थ यंत्र टाकाऊ आहे, असा मुळीच नाही. कन्नडमधील सूचनापत्राचा मराठी आशय समजून घेणे, न कळलेले गणित पुन्हा सोप्या रीतीने समजावून घेणे, अर्जाचा कच्चा खर्डा करणे या कामांत ते चांगला मदतनीस आहे. मात्र औषधाची मात्रा, कायद्याचे कलम, पैशाचा व्यवहार यांबाबत जाणकाराला विचारल्याशिवाय त्याच्या उत्तरावर विसंबू नये. काही साधने उत्तराखाली दुवे देतात. ते उघडून मूळ मजकूर वाचावा. आधार क्रमांक, ओटीपी, घरच्यांचे वैद्यकीय अहवाल त्यात टाकू नयेत. आवाजाची हुबेहूब नक्कलही आता होऊ शकते. नातलगाच्या आवाजात कोणी घाईने पैसे मागितले, तर फोन ठेवून आपल्याजवळच्या नेहमीच्या क्रमांकावर त्या नातलगाला फोन करावा. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

विद्यार्थ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. निबंध आधी स्वतः लिहावा आणि मग यंत्राला दाखवावा. आधीच यंत्राकडून लिहून घेतला, तर गुण कदाचित मिळतील. पण चुकीचे वाक्य वाचताच कानाला खटकावे, ही शक्ती अंगी येणार नाही. यंत्राची चूक ओळखण्यासाठी तर तीच शक्ती लागते. मातृभाषेतून शिकलेल्या मुलांजवळ तिचे भांडवल आहे. ते गमावू नये.

महाराष्ट्रापासून दूर, कन्नडच्या शेजारात मराठी शाळा साठ वर्षे चालते, तेव्हा तिच्या पटावर आणि लोकांच्या आठवणीत असे पुष्कळ काही साठते, जे कोणत्याही यंत्राने वाचलेले नाही. ते हयात माणसांकडून विचारून, पडताळून, नाव आणि सालासह मराठीत लिहून ठेवणे हे या पिढीचे काम आहे. ते लिहिले गेले नाही, तर उद्या कोणीतरी यंत्राला या शाळेविषयी विचारील, आणि यंत्र रिकामी जागा आपल्या गणिताने भरून टाकील.