बिऱ्हाड करण्यापूर्वी वस्ती पाहावी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी "यंदा तुम्ही बोलायचेच" असा हट्ट धरला, म्हणून मी उभी राहिले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. विद्वत्तेचे व्याख्यान माझ्याकडून होणार नाही. पण लग्न होऊन पुण्यात आल्यापासून मी पाच बिऱ्हाडे मांडली. चार भाड्याची आणि हे पाचवे स्वतःचे. तेव्हा जागा कशी पाहावी या एका विषयात तरी माझा अभ्यास झाला आहे असे समजून चार शब्द ऐकून घ्यावे, ही विनंती.

आपल्याकडे जागा पाहण्याची रीत काय आहे? रविवारी दुपारी जेवणे आटोपली की घरातले पुरुष दलालाबरोबर जातात. खोल्या मोजतात, पंख्याची बटणे दाबतात, भाडे आणि डिपॉझिट ठरवतात आणि घरी येऊन "जागा झकास आहे" म्हणून सांगतात. अहो, रविवारी दुपारी कोणतीही आळी झकासच दिसते! शाळा बंद, कचेऱ्या बंद, रस्ता मोकळा. पण सोमवारपासून त्या जागेत दिवसभर वावरायचे ते आपल्याला, मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, जिला तिथे संसार करायचा आहे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. आणि खोल्यांच्या आधी वस्ती पाहावी. भिंत रंगवता येते, मोरी नवी करता येते. रस्ता, पाणी आणि शेजार आपल्याला बदलता येत नाही.

वस्ती एका फेरीत कळत नाही. मी चार वेळा जाते.

पहिली फेरी सकाळी, पाण्याच्या वेळेला. महापालिकेचे पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते, वरच्या मजल्यावर चढते का, हे दलालाला विचारू नये. गॅलरीत धुणे वाळत घालणाऱ्या बाईला विचारावे. तिला काही विकायचे नसते. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, आणि त्याचे पैसे भाड्यात धरले आहेत की वेगळे, हेही तिच्याकडूनच कळते. स्वस्त भाड्याची जागा टँकरपायी महाग पडलेली मी पाहिली आहे. त्याच फेरीत कचऱ्याची गाडी येते का आणि गटारे वाहती आहेत का, तेही पाहून घ्यावे.

दुसरी फेरी शाळा सुटण्याच्या वेळी. त्या घरापासून शाळेपर्यंत आपण स्वतः पायी जावे, मुलाचा हात धरला आहे असे समजून. पदपथ चालायला मोकळा आहे की त्यावर गाड्या लावलेल्या आहेत? मोठा रस्ता कोठे ओलांडावा लागतो? सासूबाई दवाखान्यात एकट्या जाऊ शकतील का? फोनमधला नकाशा "सहाशे मीटर" एवढेच सांगतो; त्या सहाशे मीटरांत उघडे चेंबर किती, ते पायांनाच कळते.

तिसरी फेरी दिवेलागणीनंतर, आठ-नऊच्या सुमाराला. बसथांब्यावर उतरावे आणि दारापर्यंत चालत यावे. रस्त्यावर खांब किती ते मोजू नये, दिवे किती लागले आहेत ते मोजावे. शेवटची बस किती वाजता असते ते विचारावे. मुख्य म्हणजे, रस्त्यावर बायका दिसतात का ते पाहावे. जिथे रात्री नऊला बाया भाजी घेताना दिसतात, इस्त्रीवाला जागा असतो, किराणावाला येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळखतो, तिथे मुलगी क्लासहून उशिरा आली तरी जीव टांगणीला लागत नाही. उलट उंच भिंतींच्या दोन सोसायट्यांमधला सुनसान रस्ता कितीही गुळगुळीत असला तरी मला त्याचा भरवसा वाटत नाही. फाटकावर पहारेकरी असतो खरा, पण तो फाटकाच्या आतले पाहतो.

चौथी फेरी पावसात. ही फार थोडे लोक करतात, आणि पुण्यात तर हीच सर्वांत महत्त्वाची. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांची काय दशा झाली, ते आपण घरातल्या मोठ्यांकडून ऐकले आहे. पण तो फार जुना इतिहास म्हणून सोडून देऊ नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, भिंती पडल्या, माणसे दगावली. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याकडील एकतानगरीत घरांत पाणी शिरले. नदीकाठाला सरकारने दोन पूररेषा आखल्या आहेत. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराची ती लाल. जागा नदीजवळची असेल तर ती या रेषांच्या आत की बाहेर, हे महापालिकेत विचारावे. विचारायला लाजू नये.

याचाच एक दाखला देते. माझी भाची आणि जावईबापू गेल्या वर्षी जागा शोधत होते. जावईबापूंना रात्रपाळी, घरी दोन लहान मुले. एक जागा नव्या इमारतीत तळमजल्यावर, फरशी चकचकीत, मागे ओढा. दुसरी जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि भाडे दीड हजाराने जास्त. भाची म्हणाली, "मावशी, पहिलीच घेऊ. मागे कसे हिरवेगार आहे बघ!" मी म्हटले, "हिरवे कशामुळे आहे ते आधी विचारू." कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून पावशेर शेंगदाणे घेतले आणि सहज विचारले, पावसात इथे कसे असते? त्याने काही न बोलता गोणी बाजूला केली आणि भिंतीवरचा डाग दाखवला. माझ्या कमरेला लागेल इतका उंच होता तो. रात्रीच्या वेळी घरात एकटी बाई, दोन निजलेली मुले आणि दाराशी एवढे पाणी! भाचीने दुसरी जागा घेतली. दीड हजारासाठी तिला मंगळवार-शुक्रवारी शिवणकाम करावे लागते आणि जिना चढून गुडघे दुखतात. ही काही थोडी किंमत नव्हे. पण पाऊस लागला म्हणजे ती झोपते, एवढे तिने मला आपणहून सांगितले.

वस्ती पसंत पडली की मग इमारत. आगीचा बंब गल्लीत वळेल की दुतर्फा लावलेल्या गाड्यांत अडकेल? जिन्यात सायकली आणि जुनी कपाटे रचलेली आहेत का? गच्चीच्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते? ज्या उंच इमारतींना २००६ चा आगप्रतिबंधाचा कायदा लागू आहे, त्यांना आग विझवण्याची साधने चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. तो सोसायटीकडे मागावा. विकत घ्यायची असेल तर महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मोठ्या नव्या बांधकामाची महारेराकडे नोंदणी असते, ती फोनवरही तपासता येते. भाड्याची असेल तर १९९९ च्या कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. "आपण घरचीच माणसे, कागद कशाला?" असे म्हणणाऱ्या मालकाकडे तर कागद आधी मागावा.

आता शेवटची आणि थोडी नाजूक गोष्ट. जागा पाहायला गेले की पुष्कळदा पहिला प्रश्न येतो, "इथे राहणारे लोक कोणते?" म्हणजे जात कोणती, धर्म कोणता. भगिनींनो, माझ्या पाच बिऱ्हाडांचा अनुभव असा की, दारावरच्या पाटीवरून शेजार कळत नाही. सगळी पाट्यांनी आपलीच माणसे असलेल्या एका वाड्यात माझा मुलगा तापाने फणफणला तेव्हा तीन दारे वाजवून एकही उघडले नव्हते. दुसरीकडे, आडनावाने, भाषेने, खाण्यापिण्याने अगदी वेगळ्या शेजारणीने रात्री दोन वाजता रिक्षा आणून दिली. म्हणून लोक कोणते हे विचारू नये. वेळेला दार उघडते का, हे विचारावे. ११२ नंबर सगळ्यांनी पाठ करावा, पोलीस, बंब, रुग्णवाहिका त्यावर मिळते. पण ती गाडी येईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटे शेजारणीचीच असतात.

आणि उद्या आपल्या आळीत कोणी नवखी बाई जागा पाहायला आली तर? तिने तुम्हाला पाण्याचे विचारले, रात्रीच्या रस्त्याचे विचारले, तर आळीची अब्रू जाईल म्हणून झाकून ठेवू नका. खरे सांगा. आपल्या कोपऱ्यावरचे दोन दिवे गेले चार महिने बंद आहेत, हेही सांगा. आणि पुढच्या सोमवारी मंडळाच्या वतीने त्या दिव्यांचा अर्ज घेऊन आपण क्षेत्रीय कार्यालयात जाऊ. मी अर्ज लिहून आणते. अक्षर माझे बरे नाही, पण सह्या तुमच्या सगळ्यांच्या हव्यात. चांगली वस्ती शोधून मिळते तशी ती करावीही लागते.