देव गडावर, लस आरोग्यकेंद्रात
(कळवण येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



कळवणात बोलायला उभे राहिले की नजर आधी सप्तशृंगीच्या गडाकडे जाते. समोर मालेगाव-नांदगावकडचे कोरडवाहू कपाशीवाले आणि ज्वारीवाले बसले आहेत, खानदेशातली मंडळीही आहेत. चैत्रात पायाला फोड येईस्तोवर चालत तुम्ही या गडावर येता. आम्हीही त्याच वाटेने चाललेले आहोत. तेव्हा श्रद्धेची टिंगल करायला आम्ही इथे आलेलो नाही. पण श्रद्धेचे काम कुठे संपते आणि शास्त्राचे कुठे सुरू होते, हे आपण ठरवले नाही तर माणसे मरतात. मरणारी माणसे आपलीच असतात. म्हणून आज हा विषय घेतला.

पहिला दाखला गडावरचाच घ्या. भगवतीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचे लेपन होत आले. थरावर थर चढले. २०२२ च्या पावसाळ्यात सुमारे दीड महिना दर्शन बंद ठेवून तज्ज्ञांच्या हातून, शास्त्रीय पद्धतीने ते थर काढले गेले. शेंदूर निघाला तो शेकडो किलो. आतून देवीचे मूळ रूप दिसले. नवरात्रात दर्शन खुले झाले. कुणाची भक्ती कमी झाली का? उलट लोक म्हणाले, आईचे खरे रूप पाहायला मिळाले. देवीच्या अंगाला शास्त्राचा हात लागलेला चालतो, मग देवीच्या लेकरांच्या अंगाला लागायला अडचण कोणती?

दुसरा दाखलाही गडावरचाच. दसऱ्याला तिथे बोकडाचा बळी द्यायची प्रथा. २०१६ साली त्या विधीच्या वेळी बंदूक उडाली आणि छर्रे लागून भाविक जखमी झाले. २०१७ साली प्रशासनाने बळीची प्रथा बंद केली. पुढे २०२२ साली उच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली. बळी द्यावा की नाही यावर या मांडवातसुद्धा दोन मते निघतील. गाडगेबाबांनी तर आयुष्यभर कीर्तनातून या प्रथेवर कोरडे ओढले, आणि ते काही देव न मानणारे नव्हते. पण गर्दीत बंदूक उडवण्याबद्दल दोन मते होऊ शकत नाहीत. छर्रा भाविक पाहून वळत नाही. आमचा उपवास आमच्या पोटापुरता आहे, त्यात सरकारने पडू नये. जिथे दुसऱ्याचा जीव गुंतला, तिथे मात्र चारचौघांना तपासता येईल असाच हिशेब लागतो.

आता आपल्या शेतात या. आमच्याच गावची गोष्ट सांगतो. कापूस वेचता वेचता दिवस मावळला आणि एका बाईच्या घोट्याला पान लागले. तिला देवळापुढे आणून बसवले. भगत आला, ढोल वाजला. कडुलिंबाचा पाला चावायला दिला. कडू लागतो म्हणाली, तेव्हा सगळ्यांनी श्वास सोडला. विष चढले नाही म्हणे! पहाटे तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा ट्रॅक्टर निघाला. ती वाटेतच गेली. मंडळी, त्या रात्री ढोलाभोवती उभे राहिलेल्यांत आम्हीही होतो. भगताला दोष देऊन आम्हाला हात झटकता येणार नाहीत.

भगताचा गुण का येतो, ते नीट समजून घ्या. आपल्याकडे माणूस मारणारे मुख्य साप चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. धामण, दिवड, तस्कर यांना विष नाही. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असे नाही. म्हणजे भगताकडे नेलेले बरेच जण मंत्राविनाही वाचणारच असतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, नाव कावळ्याचे होते. जो मेला त्याचे खाते मात्र कुणी उघडत नाही. म्हणतात, त्याची वेळ भरली होती.

दवाखान्यात काय करतात? थोडे रक्त काचेच्या स्वच्छ नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही तर घोणस-फुरशाचे विष रक्तात गेले असे समजते. नाग-मण्यारीचे विष नसांवर जाते. पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, श्वास थांबतो. मण्यार तर रात्री झोपेत चावते, दुखतही नाही, सूजही येत नाही. या चारही सापांवर एकच लस चालते. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तापासून ती तयार करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेत ती बनत आली आहे. पाला आणि नळी, दोन्ही परीक्षाच आहेत. पण नळीची परीक्षा कुणीही, कुठेही करून पाहावी, उत्तर तेच येते. शास्त्र म्हणजे एवढेच. त्याला जात नाही, धर्म नाही, गुरू नाही.

आणि शास्त्र काही विलायतेतूनच येते असे नाही. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्यकेंद्रात नोकरीला लागले. लाल विंचू चावलेले गंभीर रोगी तेव्हा शंभरात तीस-चाळीस दगावत. त्यांनी रात्र रात्र खाटेशी बसून नोंदी केल्या आणि रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी वापरून पाहिली. मृत्यूचे प्रमाण शंभरात एक-दोनवर आले. १९८० च्या दशकात विलायतेच्या 'लॅन्सेट'ने त्यांचे काम छापले. खेड्यातल्या माणसाने, खेड्यातल्या दवाखान्यात केलेले हे शास्त्र आहे.

मग शेतकरी भगताकडे का जातो? अडाणी म्हणून? शहरातले शहाणे तसे म्हणतात. आम्ही म्हणतो, भगत रात्री बारा वाजता हाकेच्या अंतरावर असतो. डॉक्टर असतो का? गाडी असते का? लस असते का? जिथे दवाखान्याला कुलूप, तिथे देवळाची पायरी एवढाच आधार उरतो. अंधश्रद्धेवर नुसते व्याख्यान देऊन सरकारची सुटका नाही.

कायदा झाला आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यात गुन्हा आहे. वारी, भजन, कीर्तन, प्रदक्षिणा यांना त्यात हात लावलेला नाही. पण कायद्याने भगत तुरुंगात जाईल, लस गावात येणार नाही. ती आपल्याला मागून घ्यावी लागेल.

म्हणून इथून उठताना चार गोष्टी ठरवू या. एक, साप चावला की जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरीने करकचून आवळायची नाही. पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल ती गाडी काढायची. दोन, आपापल्या आरोग्यकेंद्रात पावसाळ्याआधी जाऊन विचारायचे, लस किती आहे, रात्री कोण असते? उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवायचे. लस नसेल तर तहसीलवर जायचे. तीन, कडब्याच्या गंजीत हात घालण्याआधी काठी घालायची, रात्री बॅटरी घेतल्याशिवाय शेतात पाय टाकायचा नाही. चार, गावच्या भगताला बरोबर घ्यायचे. त्याचा शब्द लोक मानतात. त्यानेच म्हणावे, आधी सुई, मग अंगारा.

देवीचे नाव घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. जरूर घ्या. पण दवाखान्याकडे निघालेल्या गाडीत बसून घ्या. आमच्या गावची ती बाई गेली तेव्हा तिची दोन लेकरे ओट्यावर झोपलेली होती. पुढच्या चैत्रात गड चढताना आमच्या डोळ्यांपुढे तीच येणार आहेत.

एवढे बोलून थांबतो.