कामाचे मोजमाप आणि प्रोत्साहनपर वेतन

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



अधिक काम करणाऱ्यास अधिक मोबदला मिळावा, हे तत्त्व आपणांस नवे नाही. विडी कामगाराची मजुरी हजार विड्यांमागे ठरते, ऊसतोडणी कामगाराची टनामागे. उद्योगधंद्यांत आणि आता सार्वजनिक सेवेतही हेच तत्त्व प्रोत्साहनपर वेतनाच्या रूपाने येत आहे. त्याचा स्वीकार करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर शोधले पाहिजे. आपण मोजतो ते नेमके काय?

अमेरिकेतील सेफलाइट ही कंपनी मोटारींच्या फुटलेल्या काचा बदलून देते. १९९४-९५ च्या सुमारास तिने तासाच्या वेतनाऐवजी बसविलेल्या काचेमागे मोबदला देण्यास प्रारंभ केला. किमान वेतनाची हमी मात्र कायम ठेवली. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड लेझियर यांनी या बदलाचा अभ्यास केला. दर कामगारामागील काम सुमारे ४४ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. यातील निम्मी वाढ त्याच कामगारांनी अधिक काम केल्यामुळे झाली होती. उरलेल्या वाढीचे मोठे कारण म्हणजे कुशल कामगार कंपनीकडे येऊ लागले व टिकू लागले. कामगारांची मिळकतही वाढली. येथे काम मोजता येण्याजोगे होते. शिवाय सदोष बसविलेली काच त्याच कामगाराने विनामोबदला पुन्हा बसवावी, असा नियम होता. त्यामुळे संख्येच्या मागे लागून दर्जाकडे दुर्लक्ष करणे कोणालाच परवडणारे नव्हते.

आता दुसरी बाजू पाहू. अमेरिकेतीलच वेल्स फार्गो या बँकेने प्रत्येक ग्राहकास आठ सेवा विकण्याचे ध्येय ठेवले होते. शाखांतील कर्मचाऱ्यांवर दररोजच्या उद्दिष्टाचा तगादा असे. परिणामी ग्राहकांच्या संमतीवाचून लाखो खाती उघडली गेली. हा प्रकार २०१६ मध्ये उघडकीस आला, तेव्हा बँकेस १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना बडतर्फ केल्याचेही त्या वेळी जाहीर झाले. मुख्य अधिकाऱ्यास त्याच वर्षी पद सोडावे लागले आणि २०२० मध्ये बँकेने आणखी ३०० कोटी डॉलर भरून तडजोड केली. बँकेने खात्यांची संख्या मोजली. ग्राहकाचा विश्वास मात्र कोणत्याच तक्त्यात नव्हता, आणि तोच गमावला गेला.

आपल्या देशातील अनुभवही बोलका आहे. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर ही संस्था एकशिक्षकी शाळा चालवीत असे. २००३ मध्ये तिने काही शाळांतील शिक्षकांना छायाचित्रयंत्रे दिली. दिवसाच्या आरंभी व अखेरीस एखादा विद्यार्थी शिक्षक व वर्ग यांचे छायाचित्र घेई आणि हजेरीच्या दिवसांप्रमाणे वेतन ठरे. शिक्षकांची गैरहजेरी सुमारे ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली, आणि मुलांची प्रगतीही सुधारली. पुढे त्याच जिल्ह्यात शासकीय परिचारिकांच्या हजेरीसाठी अशीच व्यवस्था केली गेली. प्रारंभी तिचा चांगला उपयोग झाला. परंतु नंतर वरिष्ठांकडून गैरहजेरीच्या दिवसांना सूट मिळू लागली आणि वर्ष-दीड वर्षात तो परिणाम ओसरला. वरिष्ठांनीच नियम सैल केल्यावर हजेरीची नोंद असूनही उपयोग झाला नाही.

कुटुंब नियोजनाच्या कार्यक्रमात आकड्यांचे उद्दिष्ट गाठण्याच्या घाईत सेवेचा दर्जा मागे पडला होता. म्हणूनच एप्रिल १९९६ पासून केंद्र शासनाने पद्धतवार उद्दिष्टे देण्याची प्रथा देशभर बंद केली.

यावरून आपल्या कामासाठी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ज्या हेतूसाठी काम आहे, त्याच्याशी मोजमापाचा थेट संबंध असावा. पटावरील संख्या म्हणजे शिक्षण नव्हे, आणि बांधलेल्या शौचालयांची संख्या म्हणजे त्यांचा वापर नव्हे. संख्येबरोबर दर्जाची जबाबदारीही निश्चित असावी. आणि उद्दिष्ट ठरविणाऱ्याने त्याच्या परिणामांचे उत्तरदायित्व स्वतःही स्वीकारावे. खालच्या कर्मचाऱ्यास उद्दिष्टाचा धाक आणि वरिष्ठांस केवळ श्रेय, अशी विभागणी झाली, की तक्ते पूर्ण भरतात आणि गावातील काम अपुरे राहते. आपल्या तालुक्यात पुढील उद्दिष्ट ठरविताना प्रथम त्या गावातील लोकांना विचारावे, की त्यांना कोणता बदल दिसावयास हवा आहे. मोजणीचा आरंभ तेथून व्हावा.