सोंपविलेलें काम



रुग्णालय म्हटलें म्हणजे डोळ्यांपुढें प्रथम डॉक्टर उभा राहतो. परंतु डॉक्टर रोग्याजवळ दिवसांतून एक-दोन वेळां येतो. उरलेल्या वेळीं तेथें परिचारिका असते. आणि पुष्कळदां तीहि नसून तिची साहाय्यक असते. कोठें तिला आया म्हणतात, कोठें कक्षसेविका. आपल्याकडील रुग्णालयांत मात्र तिचें सर्वांच्या तोंडीं असलेलें नांव 'मावशी', आणि पुरुष असेल तर 'मामा'. रोग्याचें अंग पुसणें, कूस बदलून देणें, घांस भरविणें, मलमूत्राचें भांडें देणें हीं कामें बहुधा याच हातांनीं होतात. या दोघींचें एकमेकींशीं कसें जुळतें यावर रोग्याचें बरेंवाईट फार अवलंबून असतें. पण त्याचा विचार क्वचितच होतो.

असा एक प्रसंग कल्पावा. शस्त्रक्रिया झालेला साठीच्या घरांतील एक गृहस्थ कक्षांत आहे. मूत्रमार्गांत नळी घातली असून तिची पिशवी खाटेच्या कडेला टांगलेली आहे. रात्रपाळीला एक परिचारिका, एक मावशी, आणि खाटा तीस. परिचारिका इंजेक्शनांचें तबक घेऊन घाईनें जातां जातां म्हणते, "मावशी, बारा नंबरची पिशवी बघा हं." मावशी म्हणते, "हो सिस्टर." मध्यरात्रीं मावशी पिशवी बघते, रिकामी करते, भांडें स्वच्छ धुऊन ठेवते. पहांटे पुन्हां बघते. पिशवींत फारसें कांहीं नाहीं, म्हणून ती रिकामी करण्याचें कारण पडत नाहीं. सकाळीं तक्ता पाहावा तों लघवीचा रकाना कोरा! किती झाली, केव्हांपासून कमी झाली, हें कोणालाच सांगतां येत नाहीं.

येथें कामचुकारपणा कोणी केला? कोणीच नाहीं. परिचारिका रात्रभर उभी होती, आणि मावशीनेंहि सांगितलेलें काम विसरूं दिलें नाहीं. परंतु एकीच्या मनांत 'बघा' म्हणजे मोजा, लिहा आणि कमी वाटल्यास सांगा. दुसरीच्या मनांत 'बघा' म्हणजे भरली असेल तर रिकामी करा. शब्द एक, अर्थ दोन! प्रौढ माणसाची लघवी तासाला सुमारें ३० मिलिलिटरच्या खालीं जाऊं लागली तर ती धोक्याची सूचना होय. नळी कोठें तरी मुडपली असेल, शरीरांत पाणी कमी पडत असेल, किंवा आंत रक्तस्राव होत असेल. नळी सरळ करण्यास क्षण पुरतो. पण रक्तस्राव असेल तर प्रत्येक तास मोलाचा असतो. तसे कित्येक तास त्या एका संदिग्ध शब्दापायीं निघून गेले.

ही अडचण नवी नव्हे. १८५४ सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल या ३८ स्त्रियांसह स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयांत गेल्या, आणि तेथें शुश्रूषेइतकीच व्यवस्थेचीहि गांठ त्यांना सोडवावी लागली. १८५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या आपल्या पुस्तकांत त्यांनीं बारीकसारीक कारभारासाठीं एक स्वतंत्र प्रकरण राखून ठेवलें आहे. परिचारिकेची पाठ वळल्यावरहि काम तसेंच चालू राहील अशी योजना नसेल, तर उत्तम शुश्रूषाहि वायां जाते, हा त्यांतील मुख्य मुद्दा आहे. कारभार आपल्याकडे असणें म्हणजे सर्व कामें आपणच उरकणें नव्हे. ज्याचें त्याचें काम ज्याच्या त्याच्याकडून नीट होतें कीं नाहीं, हें पाहणें होय.

मग कोणतें काम सोंपवावें आणि कोणतें सोंपवूं नये? नोंदणीकृत परिचारिका होण्यास बारावीनंतर तीन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची पदवी लागते. कक्षांतील साहाय्यकांचें शिक्षण कांहीं महिन्यांचें असतें, आणि पुष्कळांचें तर केवळ अनुभवाचें. म्हणून ज्या कामास पाहून निर्णय करावा लागतो, उदाहरणार्थ रोग्याची प्रथम तपासणी, औषध देणें, किंवा दिसलेल्या लक्षणांचा अर्थ लावणें, तें काम परिचारिकेनें आपल्याकडेच ठेविलें पाहिजे. जें काम ठरलेल्या रीतीनें करावयाचें असतें आणि ज्याचा परिणाम अपेक्षित असतो, तें सोंपवितां येतें.

अमेरिकेंतील परिचर्या-मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेनें यासाठीं पांच कसोट्या घालून दिल्या आहेत: काम योग्य असावें, प्रसंग योग्य असावा, माणूस योग्य असावा, सूचना योग्य असावी आणि देखरेख योग्य असावी. यांपैकीं प्रसंगाचा विसर वारंवार पडतो. रोग्याला भरविणें हें एरव्हीं मावशीचेंच काम. परंतु आदल्या दिवशीं पक्षाघाताचा झटका आलेल्या रोग्यास घांस नीट गिळतां येतो कीं नाहीं याची परीक्षा झाल्यावांचून तेंच काम तिच्या हातीं देणें धोक्याचें होय. कारण अन्न श्वासनलिकेंत गेलें तर त्याचें फुप्फुस सुजूं शकतें. काम तेंच, चमचा तोच. रोगी बदलला, म्हणून उत्तर बदललें.

सूचनेचेंहि असेंच. "पिशवी बघा" याऐवजीं परिचारिका असें म्हणाली असती तर? "मावशी, बारा नंबरच्या काकांची लघवी दर तासाला मापाच्या भांड्यांत मोजायची. आंकडा या कागदावर मांडायचा. तिसाच्या खालीं आला तर पुढच्या तासाची वाट पाहायची नाहीं. मी कोठेंहि असलें तरी मला हांक मारायची. काय करायचं, एकदां मला सांगा पाहूं." एवढें बोलण्यास अर्धा मिनिट लागतो. शेवटचें वाक्य सर्वांत महत्त्वाचें. कारण ऐकणाऱ्यानें परत सांगितल्यावांचून ऐकलेलें आणि समजलेलें यांतील अंतर कळत नाहीं.

परंतु व्यवहारांत एक नाजूक अडचण असते. परिचारिका चोवीस वर्षांची, मावशी पन्नाशीची. आईच्या वयाच्या बाईला काम सांगावयाचें कसें, या संकोचानें कांहीं मुली सगळेंच स्वतः करूं लागतात, आणि पाळी संपेतों गळून जातात. दुसऱ्या कांहीं तो संकोच झांकण्यासाठीं आवाज चढवितात. पहिल्या रीतीनें काम अडतें; दुसरीनें बातमी अडते, आणि तें अधिक वाईट. जिला काल चारचौघांत "तुम्हांला कोणी विचारलं?" असें ऐकावें लागलें, ती आज रोग्याचा श्वास जड झाल्याचें पाहूनहि सांगण्यास कचरेल. वयाचा मान 'मावशी' या हांकेंत राहूं द्यावा, आणि कामाची स्पष्टता सूचनेंत असावी. या दोहोंत विरोध कांहींच नाहीं.

खरें पाहतां रोग्याच्या अंगाला दिवसांतून सर्वांत अधिक वेळां हात लागतो तो मावशीचा. पडून असलेल्या रोग्याची कूस सामान्यतः दर दोन तासांनीं बदलावी लागते. तें करतांना माकडहाडावर किंवा टांचेवर उमटलेली लाली तिलाच आधीं दिसते. ती लाली बोटानें दाबल्यावरहि पांढरी होत नसेल तर शय्याव्रणाची सुरुवात झाली असें समजावें. एवढी एक खूण तिला शिकवून ठेविली, आणि तिनें सांगितल्याबरोबर परिचारिका उठून पाहण्यास गेली, तर महिनोन्‌महिने न भरणारी जखम टळूं शकते. मावशीनेंहि आपल्या बाजूनें दोन गोष्टी पाळाव्या. जें आपणांस येत नाहीं तें "येत नाहीं" असें म्हणण्यास लाजूं नये; आणि केलेलें काम सांगितल्यावांचून पुरें झालें असें मानूं नये.

यासाठीं मोठ्या खर्चाची गरज नाहीं. पाळी सुरू होतांना परिचारिका आणि साहाय्यक यांनीं पांच मिनिटें एकत्र उभें राहावें. कोणत्या रोग्याची आज विशेष चिंता आहे, कोणी काय करावयाचें, आणि कोणती गोष्ट दिसतांच धांवत येऊन सांगावयाची, हें ठरवावें. पाळीच्या मध्यावर एकदां विचारपूस करावी. पाळी संपतांना चांगल्या कामाबद्दल दोन शब्द नांव घेऊन बोलावे. जेथें परिचारिकांची संख्याच अपुरी आहे तेथें एवढ्यानें सर्व भागेल असें नव्हे. तो भार वरिष्ठांनींच हलका केला पाहिजे. तथापि असलेल्या चार हातांचे दोनच होऊं न देणें हें तरी कक्षांतील माणसांच्या स्वाधीन आहे.

सोंपविलेलें काम हातावेगळें होतें. त्याची जबाबदारी होत नाहीं. ती सांगणाऱ्या परिचारिकेकडेच राहते, आणि म्हणूनच दिलेल्या कामाची वार्ता परत तिच्या कानीं आली पाहिजे. बारा नंबरच्या खाटेवरील गृहस्थाला या दोघींपैकीं कोणाचा हुद्दा मोठा हें जाणण्याची गरज नाहीं. रात्रीं आपल्याकडे कोणी तरी पाहत आहे, आणि जें दिसलें तें योग्य ठिकाणीं पोंचत आहे, एवढ्या भरंवशावर तो डोळे मिटतो.